राजापूरचे खासदार आणि हायडेलबर्गचा प्राध्यापक

देशोदेशीच्या लोकशाहीला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्था आता चांगल्याच रुळल्या आहेत. युरोपात १९९० मध्ये व्हेनिस आयोग स्थापन झाला. १९९५ मध्ये स्टॉकहोमला इंटरनॅशनल आयडिया ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या संस्थापक देशांत भारतही होता. राज्यघटना कशी लिहावी, निवडणूक कशी घ्यावी, न्यायालयांना किती अधिकार द्यावेत, हे या संस्थांचे जाणकार सांगतात. कुणाला ही मदत वाटते, तर कुणाला परक्यांची लुडबुड. या वादाकडे पाहताना मला राजापूर लोकसभा मतदारसंघाची १९५७ ते १९७८ ही वर्षे फार मोलाची वाटतात. तज्ज्ञाचे काम अडचणीचा प्रश्न विचारण्याचे आहे आणि उत्तर देण्याचा हक्क मतदाराचा आहे, असे माझे मत आहे. राजापूरच्या दोन खासदारांच्या वाट्याला जे आले त्यातून ते जितके स्पष्ट होते, तितके सल्लागार संस्थांच्या अहवालांतून होत नाही.

पहिले खासदार बॅरिस्टर नाथ पै. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी राजापुरातून जिंकल्या. त्याआधीच ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले होते, त्यामुळे जगातल्या लोकशाही चळवळी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने ठरवले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. खटला पंजाबातल्या जमिनीचा, पण त्याचा धागा कोकणातल्या कुळांपर्यंत पोचत होता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घटनेला नववे परिशिष्ट जोडले आणि त्यात तेरा जमीन कायद्यांना संरक्षण दिले. त्या तेरांमध्ये मुंबई राज्याचा कुळकायदा होता आणि खोती नष्ट करणारा कायदाही होता. पिढ्यान्‌पिढ्या खोताला पिकाचा वाटा घालणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने घटनादुरुस्तीचा अधिकार ही वकिलांच्या खोलीतली चर्चा नव्हती. जुन्या दुरुस्त्यांना न्यायालयाने हात लावला नाही, मात्र पुढची वाट बंद केली. नाथ पैंनी त्याच वर्षी लोकसभेत खासगी विधेयक आणले. घटनेतील कोणतीही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, हे त्यात स्वच्छ शब्दांत लिहिले होते. सार्वभौम सत्ता जनतेची, आणि ती जनता संसदेतून बोलते, ही त्यामागची श्रद्धा. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, पुन्हा सभागृहात आले, पण मंजूर झाले नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले. त्यांच्या विधेयकाचा गाभा मात्र त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीत उतरला.

दुसऱ्या बाजूला एक जर्मन प्राध्यापक होता. हायडेलबर्ग विद्यापीठातले डीट्रिश कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराच्या मर्यादांवर व्याख्यान दिले. त्यांनी श्रोत्यांपुढे काही कल्पित प्रसंग ठेवले. दोन तृतीयांश बहुमताने देशाचे दोन तुकडे करता येतील का? कायद्याचा आधार नसताना माणसाचा जीव घेता येईल, अशी दुरुस्ती चालेल का? बहुमत घसरत चाललेल्या सत्ताधारी पक्षाने घटनादुरुस्तीचा सगळा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने वागणाऱ्या राष्ट्रपतीकडे सोपवला तर? ही नुसती बुद्धीची कसरत नव्हती. १९३३ मध्ये जर्मनीच्या संसदेने कायद्याच्याच चौकटीत हिटलरला सर्वाधिकार दिले होते. त्या अनुभवातून १९४९ च्या जर्मन घटनेने काही तत्त्वे दुरुस्तीच्या पलीकडे ठेवली. कॉनराड यांचा युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात वकिलांनी मांडला, पण निकाल त्यावर उभा राहिला नाही. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात मात्र न्यायमूर्ती खन्ना यांनी कॉनराड यांचा आधार घेतला आणि घटनेच्या मूलभूत चौकटीला संसद हात लावू शकत नाही, हे सूत्र सात विरुद्ध सहा मतांनी रुजले.

या दोघांत बरोबर कोण, याचा कस १९७५ ने लावला. नाथ पैंनंतर राजापूरने मधु दंडवते यांना निवडून दिले होते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातले ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळुरात होते, आणि आणीबाणी लागताच २६ जूनला तिथेच वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांना अटक झाली. ऑगस्टमध्ये संसदेने एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. राजापूरच्या मतदारांचा प्रतिनिधी त्या वेळी कोठडीत होता. ज्या सभागृहात राजापूरला तोंडच उरले नव्हते, ते सभागृह राजापूरच्याही नावाने घटना बदलत होते. जनता संसदेतून बोलते हे नाथ पैंचे गृहीतक इथे कोसळले. कॉनराड यांनी दहा वर्षे आधी दाखवलेली फट खरी होती, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचा मुख्य भाग मूलभूत चौकटीच्याच आधारे रद्द केला. संसदेच्या अमर्याद अधिकाराची बाजू केशवानंद खटल्यात लढवणारे एच. एम. सिरवई यांनीही पुढे आपले मत बदलले.

मग नाथ पै चुकले आणि तज्ज्ञ जिंकले, असे म्हणून विषय मिटवता येईल. मला ते पटत नाही. संसद आणि जनता एकच, एवढे त्यांचे समीकरण चुकले. शेवटचा शब्द जनतेचा, हे तत्त्व चुकलेले नाही. तेरा न्यायाधीशांतल्या सातांनी काय मूलभूत ते ठरवावे आणि कोट्यवधींनी ते मानावे, यात खोतीविरुद्ध लढलेल्या माणसाला खटकण्यासारखे पुष्कळ आहे. याच न्यायालयाने आणीबाणीत, १९७६ च्या बंदी प्रत्यक्षीकरण खटल्यात, नागरिकाला वाऱ्यावर सोडले. तिथे विरोधी मत देणारे एकटे न्या. खन्ना होते. दुसरा आक्षेप असा की, परदेशी माणसाने आमच्या घटनेत डोकावू नये. पण कॉनराड यांनी कोणतीही अट घातली नव्हती आणि त्यांच्या हाती निधीही नव्हता. त्यांनी भाषण दिले, लेख लिहिला, आणि त्याचे काय करायचे ते इथल्या वकिलांवर व न्यायाधीशांवर सोडले. सल्ल्यामागे कर्जाची किंवा मदतीची अट आली की तो सल्ला राहत नाही, तो दबाव होतो. आजच्या सल्लागार संस्थांना हाच निकष लावायला हवा.

या दोन बाजू जोडणारा एक प्रयत्न १९७८ मध्ये झाला, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही याचे वाईट वाटते. जनता सरकारने आणीबाणीतल्या दुरुस्त्या निस्तरण्यासाठी पंचेचाळिसावे घटनादुरुस्ती विधेयक आणले. त्या सरकारात दंडवते रेल्वेमंत्री होते. घटनेची मूलभूत वैशिष्ट्ये बदलायची झाली तर संसदेचे बहुमत पुरणार नाही, देशभर सार्वमत घ्यावे लागेल आणि त्यात किमान ५१ टक्के मतदारांनी मतदान केलेले असावे लागेल, असे कलम त्यात होते. हुकूमशहा सार्वमतही वापरून घेतात, हा आक्षेप खोटा नाही. पण इथे सार्वमत संसदेच्या विशेष बहुमताच्या जागी आणायचे नव्हते, तर त्यानंतरची आणखी एक पायरी म्हणून ते सुचवले होते. नाथ पैंचा मतदार आणि कॉनराड यांची मर्यादा एका वाक्यात आणणारी दुसरी तरतूद आपल्या घटनेच्या इतिहासात मला सापडत नाही. लोकसभेने ते कलम मंजूर केले, राज्यसभेत ते पडले. उरलेले विधेयक चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती म्हणून अमलात आले आणि १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने अंतिम शब्द न्यायालयाकडेच राहिला. १९८९ मध्ये बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत चौकटीचे हे सूत्र उचलले. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यात भर घालून सांगितले की, अशी चौकट बदलायची तर लोकशिक्षण, लोकसहभाग, घटना समिती आणि सार्वमत या वाटेनेच जावे लागेल. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.