गीत गाजलें, वादक विसरला

साकीनाक्याच्या परिसरांतील ख्रिस्ती लग्नांच्या मेजवानींत सत्तर-ऐंशींच्या दशकांतील गीतें अद्याप वाजतात. ‘जूली’ (१९७५) मधील प्रीती सागर यांचें इंग्रजी गीत, अथवा ‘कुर्बानी’ (१९८०) मधील बिद्दू यांनीं रचलेलें व नाझिया हसन यांनीं गाइलेलें पॉप गीत सुरू झालें, कीं वृद्धांचेही पाय ठेका धरतात. गायकांचीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. वादकांचीं कोणीं विचारलीं?

पाश्चात्त्य धाटणीचें संगीत मुंबईच्या स्टुडिओंत रुजलें, याचें मोठें श्रेय गोव्याच्या ख्रिस्ती वादकांस आहे. चर्चच्या शाळांत ते स्वरलेखन व व्हायोलिन शिकले. संगीतकारांची चाल कागदावर उतरवून ते ती वाद्यवृंदास वांटून देत. तथापि चित्रपटाच्या नामावलींत त्यांस क्वचितच स्थान मिळे.

माजोर्डा गांवच्या अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचें भाग्य मात्र निराळें. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. ते स्वतः प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरु. १९६५ सालीं ते अमेरिकेस गेले व चित्रसृष्टीपासून दुरावले. पुढें १९७७ त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतांतील ‘अमर अकबर अँथनी’च्या गीतांत त्यांचें नांव गुंफलें गेलें. देशभर तें गाइलें गेलें; तें एका हयात गुरूचें आहे, हें थोड्यांसच कळलें.

शिष्य कृतज्ञ निघाला म्हणून एक नांव वांचलें. आमच्या धर्मग्रामाच्या वह्यांत बाप्तिस्मे व विवाह नोंदले जातात. तेथेंच ऑर्गन, व्हायोलिन व ट्रम्पेट वाजविणाऱ्यांचीं नांवेंही, ते आपणांत आहेत तोंवरच, लिहून ठेवावींत, अशी आमची नम्र विनंती आहे.