डायनमो ते अल्टरनेटर : जुन्या गाड्यांच्या चार्जिंगची कथा

जुन्या मोटारींत बॅटरी चार्ज करण्याची व्यवस्था दोन पिढ्यांची आढळते. पहिली डायनमोची, दुसरी अल्टरनेटरची. या दोहोंत पट्ट्यावर फिरणारे यंत्र तर बदललेच, पण चार्जिंगवर ताबा ठेवण्याचे काम एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले आणि त्याबरोबर वायरींची कामेही बदलली. हा बदल ठाऊक नसेल तर जुन्या गाडीचे वायरिंग उलगडत नाही.

आरंभीच्या मोटारींत विजेचे काम थोडे होते. ठिणगीसाठी मॅग्नेटो, दिव्यासाठी कार्बाइड आणि इंजिन सुरू करायला हँडल, एवढ्यावर गाडी चाले. १९१२ मध्ये कॅडिलॅकने सेल्फ स्टार्टर आणला. सेल्फ आला तशी दणकट बॅटरी आली आणि ती भरून ठेवणारा डायनमो गरजेचा झाला.

आपल्याकडे हैदराबाद राज्याचे उदाहरण पाहू; मराठवाडाही १९५६ पर्यंत याच राज्यात होता. हैदराबादेत मोटारी आधी हौसेच्या होत्या. निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहता येते. मोटारवाहतूक सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती १९३२ च्या जूनमध्ये, निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या तेव्हा.  शहरातल्या गौलीगुड्यात विमानांसाठी बांधलेली लोखंडी हँगर होती. तिचाच बस डेपो झाला, आणि ती वास्तू २०१८ मध्ये कोसळेपर्यंत उभी होती. त्या आरंभीच्या काळातली, स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची १९३२ ची एक बस तिथल्या राज्य परिवहन महामंडळाने जपून ठेवली आहे. 

आता डायनमोचे काम पाहू. डायनमोत तारांचे वेढे घेतलेले आर्मेचर फिरते आणि कम्युटेटरवर घासणारे कार्बन वीज बाहेर काढतात. याच्या दोन उणिवा होत्या. इंजिन मंद फिरत असताना पुरेशी वीज मिळत नसे, आणि वेग वाढला की दाब बेसुमार वाढे. म्हणून बाहेर एक कंट्रोल बॉक्स लागे. ब्रिटिश गाड्यांत तो बहुधा लुकास कंपनीचा असे. त्याच्या झाकणाखाली दोन रिले असतात. कटआउट डायनमोला बॅटरीशी जोडतो आणि तोडतो. लुकासच्या प्रचलित बॉक्समध्ये तो १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जुळतो. इंजिन मंदावले की तो सुटतो, नाहीतर बॅटरीची वीज उलटी डायनमोत शिरेल. दुसरा रिले म्हणजे रेग्युलेटर. तो फील्ड कॉइलची, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेढ्यांची, वीज कमीजास्त करून दाब आवरतो.

या बॉक्सवर ए, ए-वन, एफ, डी आणि ई अशी टर्मिनले असतात. डायनमोकडून डीवर येणारी जाड वायर पिवळी, एफची बारीक वायर हिरव्या रेषेची पिवळी, बॅटरीकडच्या मुख्य वायरी तपकिरी आणि अर्थिंगची काळी. इग्निशनच्या चावीनंतरची वायर पांढरी असते. रंगांची ही रीत लक्षात ठेवली की नकाशा नसतानाही बरेच वायरिंग ओळखता येते. डायनमो नवा बसवला की एफ टर्मिनलला बॅटरीची वायर क्षणभर टेकवून त्याची ध्रुवता पक्की करावी लागते. हे विसरले तर तो उलट्या ध्रुवतेने वीज काढू शकतो आणि कटआउटची टोके जळतात.

स्वातंत्र्यानंतर भारतात या सुट्या भागांचे उत्पादन सुरू झाले. लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये मद्रासला स्थापन झाली. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसिडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट या गाड्यांच्या दुरुस्तीत आर्मेचरचे वाइंडिंग, कम्युटेटर घासणे आणि कार्बन बदलणे ही ऑटो इलेक्ट्रिशियनची नित्याची कामे होती. 

अमेरिकेत क्रायस्लरने १९६० मध्ये व्हॅलिअंट गाडीला अल्टरनेटर दिला आणि पुढे तो सर्वत्र पसरला. यात तारा स्थिर राहतात आणि चुंबक फिरतो. तीन फेजची वीज तयार होते, सहा डायोड तिला एका दिशेची करतात. डायोड उलटी वीज जाऊ देत नाहीत, त्यामुळे कटआउट उरलाच नाही. रेग्युलेटरही पुढे अल्टरनेटरच्या पोटातच गेला आणि कंट्रोल बॉक्सचे काम संपले. इंजिन मंद असतानाही चार्जिंग होऊ लागले.

वायरिंग त्यामुळे सोपे झाले. जाड वायर थेट बॅटरीकडे जाते आणि एक बारीक वायर डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे. हा दिवा केवळ सूचना देत नाही. चावी फिरवताच त्याच्यामधूनच अल्टरनेटरला पहिली उत्तेजक वीज मिळते. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांचा दाब सारखा होतो आणि तो विझतो. दिव्याचा बल्ब उडाला तर चार्जिंग उशिरा सुरू होते किंवा होतच नाही.

डायनमोच्या गाडीला अल्टरनेटर बसवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. लुकासच्या प्रचलित डायनमोची क्षमता २२ अँपिअर. अल्टरनेटर त्याच्या दीडपट ते दुप्पट देतो, म्हणून मुख्य वायर जाड करावी लागते, आणि अ‍ॅमीटर त्या मार्गात असेल तर तो तेवढा प्रवाह सोसेल का हेही पाहावे लागते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अल्टरनेटरला बहुधा ऋण टोक लागते. बॅटरी उलटी जोडली गेली तर डायोड जळतात. आणि कंट्रोल बॉक्स तसाच दिसावा अशी हौस असेल तर आतले रिले काढून तो केवळ जोडणीपुरता ठेवतात.

शेवटची परीक्षा मीटरवर होते. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहण्याची डायनमोच्या काळातली सवय अल्टरनेटरला मात्र घातक ठरते.