वाळूतली वाट आणि गाडीची कसोटी

उन्हाळ्यात नदीचे पात्र ओलांडताना बैलगाडी वाळूत रुतते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या गाठी असेल. बैल जोर करतात, पण चाकाची लोखंडी धाव वाळू कापीत आणखीच खाली जाते. मग गाडीवान काय करतो? आधी पोती उतरवतो. चाकापुढची वाळू हाताने उकरतो, तिथे फांद्या, तुराट्या नाहीतर जुने तरट अंथरतो आणि चार माणसांचा खांदा लावून गाडी बाहेर काढतो. आज ज्या माणसांची हकिकत सांगायची आहे, त्यांनी हीच युक्ती मोटारीला लावली आणि जगातल्या अतिशय कोरड्या अशा एका वाळवंटातून वाट काढली.

हे वाळवंट म्हणजे इजिप्तच्या पश्चिमेचे लिबियन वाळवंट. त्याचा एक भाग ‘ग्रेट सँड सी’, म्हणजे वाळूचा महासागर, या नावाने ओळखला जातो. वाळूच्या टेकड्यांच्या रांगा तिथे शेकडो मैल पसरल्या आहेत. उंटांचे तांडेदेखील हा भाग टाळूनच जात. अशा ठिकाणी मोटार घेऊन जायचे एका इंग्रज लष्करी इंजिनिअरच्या मनात आले. त्याचे नाव राल्फ बॅगनोल्ड. 1926 साली त्याची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. पुढे काही वर्षे तो आपल्याकडे वायव्य सरहद्दीवरही होता. सुटी मिळाली की चार मित्र जमवायचे, पदरचे पैसे घालायचे आणि फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन वाळवंटात शिरायचे, असा त्याचा छंद होता.

आता गंमत बघा. या गाड्यांना इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांत मिळे. चारही चाके ओढणारी जीप तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तरी त्या गाड्या वाळूचा महासागर कशा पार करून गेल्या? त्याचे उत्तर बॅगनोल्डने गाड्यांत केलेल्या फेरफारांत आहे.

पहिली गोष्ट वजनाची. दारे, टप, पुढची काच, जे जे प्रवासाला लागत नाही ते सगळे त्याने काढून टाकले. तेवढ्या वजनाचे पाणी आणि पेट्रोल घेता येते, हा त्याचा हिशेब.

दुसरी गोष्ट चाकांची. उंटाचा पाय पसरट आणि मऊ असतो, म्हणून तो वाळूत कमी रुततो. टायरमधली थोडी हवा सोडली की टायरही तसाच पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि गाडी वाळूवर तरते. कठीण जमीन लागली की पुन्हा हवा भरायची. काम कंटाळवाणे खरे, पण त्यावाचून गत्यंतर नव्हते.

एवढे करूनही गाडी रुतायचीच. त्यासाठी बॅगनोल्डला कैरोच्या जुन्या बाजारात पोलादी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालण्यासाठी त्या बनवलेल्या होत्या. चाकापुढे अशा दोन पन्हळी ठेवायच्या, गाडी त्यांवरून पुढे घ्यायची, मग त्या उचलून पुन्हा पुढे ठेवायच्या. म्हणजे आपल्या तुराट्याच की!

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि मला स्वतःला हीच सर्वांत शहाणपणाची वाटते. वाळूत गाडी रेटताना इंजिन तापते, रेडिएटरमधले पाणी उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. वाळवंटात ते पाणी म्हणजे माणसाचे प्राण. बॅगनोल्डने वाफ बाहेर जाण्याची नळी एका पाण्याच्या डब्यात नेऊन सोडली. वाफ डब्यातल्या थंड पाण्यात शिरली की तिचे पुन्हा पाणी होई. मग गाडी वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी करायची. इंजिन निवले की रेडिएटरमध्ये पोकळी होई आणि डब्यातले पाणी आपोआप परत ओढले जाई. कुठे गळती नसली, तर तेच पाणी दिवसचे दिवस पुरे. खर्च म्हणाल तर एक डबा आणि एक नळी.

चौथी गोष्ट दिशेची. लोखंडी गाडीत होकायंत्राची सुई भलतीकडे ओढली जाते. दर वेळी थांबायचे, गाडीपासून दूर जाऊन सुई बघायची, यात वेळ फार जाई. म्हणून बॅगनोल्डने गाडीवर सूर्यहोकायंत्र बसवले. अंश कोरलेली एक आडवी तबकडी आणि तिच्या मध्ये उभी सुई. सुईची सावली कोणत्या अंशावर पडते ते पाहून चालत्या गाडीत दिशा कळे. सूर्य जसजसा सरके, तसतशी कोष्टक पाहून तबकडी फिरवावी लागे. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य माथ्यावर आला की सावली फारच आखूड पडे, तेव्हा मुकाट्याने थांबायचे. रात्री ताऱ्यांवरून नेमके ठिकाण काढायचे.

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग शाळेच्या अंगणात जरूर करून पाहावा. जमिनीत सरळ काठी रोवा आणि मुलांना तासातासाने सावलीच्या टोकाशी खूण करायला सांगा. भूगोलाचे दहा धडे जे शिकवणार नाहीत, ते एक दिवसाची सावली शिकवील.

1940 च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि या छंदाला एकाएकी निराळेच मोल आले. बॅगनोल्ड तेव्हा कैरोत होता. लिबियातल्या शत्रूच्या पिछाडीला वाळवंटातून पोचता येईल, अशी योजना त्याने सेनापती वेव्हेल यांच्यापुढे मांडली. तयारीला दीड महिन्याची मुदत मिळाली. याच दलाला पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ असे नाव पडले. पहिले शिपाई बहुतेक न्यूझीलंडचे, त्यांत शेतकरी पुष्कळ. यंत्राची दुरुस्ती घरच्या घरी करण्याची सवय असल्याने ते या कामात लवकर मुरले. गाड्या म्हणजे शेवरलेटच्या बाजारी मालमोटारी, काही दुकानातून घेतलेल्या, तर काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणलेल्या. त्यांच्या कमानींत जादा पाती घातली, टप आणि दारे काढली, वाफेचा डबा, सूर्यहोकायंत्र आणि पन्हळी बसवल्या. पुढे 1942 मध्ये हिंदी घोडदळाच्या पलटणींतून निवडलेल्या जवानांची एक तुकडीही या दलाबरोबर काम करू लागली. तिच्यात जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान शिपाई होते.

मध्यंतरी, 1941 साली, या दलाला फोर्डच्या नव्या मालमोटारी मिळाल्या. त्या चारही चाकांनी ओढणाऱ्या होत्या. आता सारा प्रश्न सुटला असे कुणालाही वाटेल. पण त्या अंगाने जड होत्या आणि पेट्रोल फार खात. लांबच्या पल्ल्यावर गाडीने आपलेच पेट्रोल वाहायचे आणि आपणच पिऊन टाकायचे, तर माणसांसाठी उरते काय? 1942 मध्ये दलाने पुन्हा दोन चाकांनी ओढणाऱ्या शेवरलेट घेतल्या. त्याच वर्षी हलकी जीप आली, तेव्हा मात्र चारही चाकांची ओढ आणि कमी वजन या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या. जीपवाल्यांनीही पुढच्या जाळीच्या पट्ट्या कापून रेडिएटरला वारा मोकळा केला आणि बॅगनोल्डचाच वाफेचा डबा पुढे बसवला. हीच विलीज जीप युद्धानंतर सुट्या भागांनी मुंबईत येऊ लागली. महिंद्रांनी ती जोडून विकली आणि ती आपल्या गावोगावच्या कच्च्या रस्त्यांवर दिसू लागली.

डब्यांचीही एक गोष्ट आहे. इंग्रजांचे पेट्रोल चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून येई. आपल्याकडचा रॉकेलचा डबा डोळ्यांपुढे आणा. धक्क्यांनी हे डबे फुटत आणि पुष्कळसे पेट्रोल वाळूत जाई. जर्मनांचा वीस लिटरचा डबा मात्र मजबूत होता. इंग्रजांनी मानापमान बाजूला ठेवून त्याचीच नक्कल केली. तो आजचा जेरीकॅन.

आता शेवटची हकिकत. 31 जानेवारी 1941 रोजी जेबेल शरीफ या ठिकाणी इटालियनांनी या दलाच्या एका तुकडीला गाठले. काही गाड्या जळाल्या. मूर नावाचा जखमी शिपाई आणि त्याचे तीन सोबती मागे राहिले. जवळ अन्न नाही, पाणी दोन गॅलनहूनही कमी. शरण न जाता ते गाड्यांच्या चाकोऱ्या धरून दक्षिणेकडे चालू लागले. वाटेतली विहीर शत्रूने बुजवलेली निघाली. दहा दिवसांनी फ्रेंच सैनिकांना ते सापडले, तेव्हा मूर सुमारे 340 किलोमीटर चालून गेला होता आणि अजूनही चालतच होता. चौघांपैकी ईस्टन मात्र सुटका झाल्यावर त्याच दिवशी वारला. गाडी गेल्यावर माणसाच्या हाती काय उरते, हे त्या पाण्याच्या डब्याने दाखवून दिले. बॅगनोल्ड थेंब थेंब पाणी का राखीत होता, ते इथे कळते.

बॅगनोल्ड नुसता वाट काढून थांबला नाही. वाऱ्याने वाळू कशी उडते, टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि आडोशाची बाजू भुसभुशीत का, याचा त्याने अभ्यास केला आणि 1941 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 1990 साली तो वारला. मंगळावरील वाळूच्या काही टेकड्यांना आज त्याचे नाव आहे. 2015 च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ ही यंत्रगाडी त्यांच्यापाशी पोचली.

तेव्हा श्रोतेहो, लांबच्या वाटेसाठी गाडी सजवायला कुणी निघाले, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा. यातले काय उतरवता येईल? आणि गाडी बंद पडली, तर पाणी किती दिवस पुरेल? नदीच्या वाळूत पहिल्यांदा पोती उतरवणाऱ्या आपल्या गाडीवानाला यातला पहिला प्रश्न कुणी शिकवावा लागला नव्हता.