डाव्या हाताची कमाई

आम्हा पेटीवाल्यांचा डावा हात जन्मभर भात्याला जुंपलेला. वाहवा सगळी उजव्याची. म्हणून असेल, पण न्यूयॉर्कच्या जुन्या पियानोवाल्यांची ध्वनिमुद्रणं लावली की माझा कान आधी डावीकडे वळतो. जेम्स पी. जॉन्सन यांची १९२१ सालची ‘कॅरोलिना शाउट’ची तबकडी घ्या. एकला डावा हात पार तळाच्या खर्जावर पडतो, दोनला दोनेक सप्तकं ओलांडून मधल्या पट्ट्यांवर सुरांचा जुडगा वाजवतो, तीनला पुन्हा खाली, चारला पुन्हा वर. तबल्याला लेहरा धरून बसलेल्या माणसासारखा हा हात लय सांभाळतो. आणि आपण निर्धास्त झालो की हाच हात चाल मोडतो. आठ मात्रांचे चार-चार पाडायचे सोडून तीन-तीन-दोन पाडतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात पूर्वपदावर येतो.

या वाजवण्याला ‘स्ट्राइड’ म्हणतात. त्याच्या आधीचा रॅगटाइम हा लिहिलेल्या सुरावटींचा प्रकार. स्कॉट जॉप्लिन यांचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ साली छापून आला आणि लोकांनी तो कागद समोर ठेवून घरोघरी वाजवला. जॉन्सन यांच्या पिढीनं रॅगची चौकट ठेवली, पण आतला मजकूर रोज वेगळा भरायला सुरुवात केली. हे का झालं, याचं उत्तर मला एका तळघरात सापडतं.

जॉन्सन १८९४ साली न्यू जर्सीत जन्मले. कुटुंब १९०८च्या सुमारास न्यूयॉर्कला, मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाच्या सॅन वॉन हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आलं. तिथं बासष्टाव्या रस्त्यावर ‘जंगल्स कसिनो’ नावाची जागा होती. नाव कसिनो, कागदोपत्री नृत्यशाळा, कारण नाचघराचा परवाना मिळत नव्हता. प्रत्यक्षात सिमेंटचं तळघर. फळ्यांच्या आडोशापलीकडे भट्टी, कोळसा आणि राख. पोलिसांची धाड आलीच तर बाटल्या कोळशात दडवायची सोय आयतीच होती. १९१३च्या सुमारास जॉन्सन तिथं वाजवू लागले. नाचायला येणारे बरेचसे दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनकडचे आणि जॉर्जियाचे. पुरुष दिवसभर गोदीत राबून यायचे. त्यांना शहरी नाच नको असत, गावाकडचे आरडाओरडा करत नाचायचे नाच हवे असत. एकेक नाच पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चाले, आणि असे नाच रात्रभर.

आता हिशोब बघा. लिहिलेला रॅग तीन-चार मिनिटांत संपतो. पुढची पंचवीस मिनिटं काय वाजवायचं? तेच तेच वाजवलं तर नाचणारे ओरडणार, थांबलं तर रोजगार जाणार. मग एकाच तुकड्याची दहा रूपं काढायची, डाव्या हातात गावाकडच्या नाचाचा ठेका मुरवायचा, आणि पाय कुठं जोरात पडतात तिकडे नजर ठेवायची. ‘कॅरोलिना शाउट’ त्या तळघरातल्या नाचांमधून निघाला. आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं म्हणजे कलावंताचं परम स्वातंत्र्य वगैरे आपण बोलतो. इथं तो रात्रपाळीचा धर्म होता.

पण नुसत्या रात्रपाळीनं जॉन्सन घडले नाहीत. ब्रूतो जानीनी या इटालियन शिक्षकानं त्यांची बोटं वळणावर आणली. लकी रॉबर्ट्स, यूबी ब्लेक या पियानोवादकांच्या खुब्या त्यांनी ऐकून उचलल्या. लिस्टनं व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’वर रचलेला तुकडाही ते बेधडक नाचाच्या तोंडी जोडत. घरी अंधारात सराव. स्पर्श स्वच्छ व्हावा म्हणून पट्ट्यांवर पलंगावरची चादर पसरायची आणि अवघड तुकडे त्या चादरीवरून वाजवायचे! आमच्याकडे कोणा विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

ऐटही शिकावी लागे. ओव्हरकोट काढायचा, महागडं अस्तर दिसेल अशी घडी घालून पियानोवर ठेवायचा, रेशमी रुमालानं स्टूल झटकायचं, बसायचं आणि घाई न करता स्वतःचा ठरलेला एक स्वरसमूह छेडायचा. तो ऐकून जाणकार ओळखत की आता कोण वाजवणार. नाव-निशाणी आधी, वादन नंतर.

पुढे न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये या वादनाला घरोघरची व्यासपीठं मिळाली. दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय भाडेकरूंकडून घरमालक जास्त भाडं उकळत. महिनाअखेरीस भाड्याची सोय करायला लोक घरातच मैफल ठेवत, छापील चिठ्ठ्या वाटत, दारात थोडी नाणी घेत आणि आत डुकराचे पाय, बटाट्याचं सॅलड व चोरटी दारू विकत. पियानोवर एक उठला की दुसरा बसे आणि तीच चीज जास्त अवघड करून वाजवे. डोक्यावर डर्बी टोपी, तोंडात सिगार घेतलेले विली ‘द लायन’ स्मिथ शेजारी उभे असताना कालचंच वाजवायची कोणाची हिंमत होती?

इतकं असूनही या शैलीचा प्रसार नकलेतूनच झाला. ‘कॅरोलिना शाउट’च्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी मिळत. वॉशिंग्टनमध्ये तरुण ड्यूक एलिंग्टन यांनी गुंडाळी हळू फिरवली, आपोआप दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि तुकडा पाठ केला. १९२० साली आई वारल्यावर फॅट्स वॉलर एका पियानोवादक मित्राच्या घरी राहिले, तिथं त्यांनीही हेच केलं. मग जॉन्सन यांनीच त्यांना शिकवलं. तरी ‘हँडफुल ऑफ कीज’मधले वॉलर हसरे, मऊ हाताचे आणि स्वतःचेच आहेत. गुरूची हुबेहूब नक्कल केली तर आपलेपण मरतं, असं आपल्याकडे हल्ली विशीतले गायक सांगतात. मला ते पटत नाही. या दोघांनी गुंडाळी तोंडपाठ केली, मग रोज रात्री लोकांपुढे ती बिघडवत गेले.

जॉन्सन यांच्याच वस्तीत १९२२ साली चार वर्षांचा एक मुलगा आईबरोबर राहायला आला: थेलोनियस मंक. १९५०च्या दशकातलं त्यांचं एकट्याचं वादन ऐका. खालून वर उडी मारणारा डावा हात तोच आहे, फक्त मंक मधले सूर गाळतात, दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून टोचतात आणि नको तिथं थांबतात. मुंबईलाही या हाताचा प्रसाद मिळाला होता. शिकागोत नाव कमावलेले टेडी वेदरफोर्ड १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत. १९४५ साली कोलकात्यात ते पटकीनं गेले.

सॅन वॉन हिलचा मोठा भाग पुढे पाडला आणि तिथं लिंकन सेंटर उभं राहिलं. तेव्हा जागा बघायला जाऊ नका, तबकड्या ऐका. आधी १९२१चे जॉन्सन, मग वॉलर, शेवटी मंक, आणि पहिल्या फेरीत उजव्या हाताकडे चक्क दुर्लक्ष करा.