कुसळाचं वजन

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपण म्हणतो. माणसाच्या स्वभावाबद्दल ही म्हण खरी असेल. डोळ्याबद्दल मात्र साफ खोटी. आपल्या डोळ्यातलं कुसळ दिसत नसलं तरी कळतं, आणि असं कळतं, की माणूस भर रस्त्यात सायकल थांबवून उभा राहतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिनी एकही नाही, पण मज्जातंतूंची दाटी त्वचेपेक्षा शेकडो पट!

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. या पडद्याशी माझी ओळख झाली ती अम्मीमुळे. वीसेक वर्षांपूर्वी तिच्या कपाळावर नागीण उठली. ती बरी झाली. पुढे काही आठवड्यांनी डोळा लाल दिसू लागला. मी विचारलं, ‘दुखतंय का?’ ती म्हणाली, ‘नाही रे बेटा, काहीच नाही.’ दुखत नाही म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. पंधरा दिवस असेच गेले.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कापसाची बारीक वात वळली. ‘आजी, वर बघा,’ म्हणाले आणि बाजूने वातीचं टोक उजव्या डोळ्याला लावलं. पापणी फट्दिशी मिटली. मग डाव्या डोळ्याला लावलं. पापणी हललीच नाही. त्या डोळ्यात जखम झाली होती, आणि तिची खबर द्यायला तिथे कुणी जागं नव्हतं.

कापसाची वात ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच सांगते. ‘किती’ हे कसं मोजायचं? या प्रश्नाचा इतिहास मी पुढे शोधत गेलो.

त्याची सुरुवात संवेदना घालवण्यापासून होते. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर होता. त्याने कोकेनचं पाणी आधी बेडकाच्या, मग सशाच्या आणि कुत्र्याच्या डोळ्यात घातलं. नंतर तो आणि त्याचा सहकारी आपापल्या डोळ्यांत थेंब घालून आरशासमोर उभे राहिले आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श करून पाहू लागले. काहीच कळेना! त्या वर्षी १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासाला पैसे नसल्यामुळे कोलर स्वतः तिथे नव्हता. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला. स्थानिक भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचं युग तिथून सुरू झालं.

दहाच वर्षांनी, १८९४च्या सुमारास, लायप्झिगमध्ये माक्स फॉन फ्राय यांनी मोजण्याची युक्ती काढली. साधन कोणतं, तर केस! माणसाचे, घोड्याचे, जाड-बारीक केस त्यांनी काडीच्या टोकाला चिकटवले. केस दाबला की वाकतो, आणि एकदा वाकला की त्याचा दाब फारसा वाढत नाही. म्हणजे दाबणाऱ्याचा हात हलका असो की जड, डोळ्यावर पडणारा भार जवळपास ठरलेलाच. प्रत्येक केसाचा भार तराजूवर आधीच मोजून ठेवायचा. कुसळाचं वजन करणारा हा काटाच म्हणायचा.

पण केस दमट हवेत मऊ पडतो. १९५५ मध्ये डेन्मार्कच्या बोबर्ग-आन्स यांनी त्याच्या जागी नायलॉनचा धागा आणला. १९६० मध्ये कोशे आणि बोने या फ्रेंच जोडीने त्याला पक्कं रूप दिलं. लेखणीसारखी नळी, तिच्यात ०.१२ मिलिमीटर जाडीचा धागा. तो सहा सेंटिमीटर बाहेर काढला की अगदी लुळा; जसजसा आत घ्यावा तसतसा ताठ. सहा सेंटिमीटरवर स्पर्श कळला तर डोळा जागा. अर्ध्या सेंटिमीटरवरही कळला नाही, तर बधिर.

१९९९ मध्ये स्पेनच्या कार्लोस बेलमाँते यांच्या गटाने धाग्याऐवजी हवेचा झोत वापरणारं यंत्र मांडलं. झोतात कार्बन डायऑक्साइड मिसळता येतो, हवा गार-गरम करता येते. कॉर्नियाला फक्त वेदनाच कळते, असं फॉन फ्राय यांचं मत होतं. त्याला गारवाही कळतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं.

हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. नागीण, मधुमेह, कुष्ठरोग यांत ही संवेदना मंदावू शकते. महाराष्ट्राला कुष्ठरोग काही अनोळखी नाही. पापणी मिटत नाही, धूळ गेलेली कळत नाही, जखम चिघळते आणि दृष्टी जाते, आणि हे सगळं मुकाट्याने घडतं. मज्जातंतूंची वाढ घडवणाऱ्या प्रथिनापासून केलेले थेंब अशा डोळ्यांसाठी २०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. अम्मीच्या वेळी ते नव्हते. तिचा डोळा राहिला, नजर अधू झाली. पुढे कुराण ती एका डोळ्याने वाचायची.

आम्ही कवी वेदनेबद्दल पुष्कळ लिहितो. पण वेदना नसण्याची भीती मला त्या कापसाच्या वातीने शिकवली. श्रोतेहो, लाल झालेला डोळा दुखत असेल तर आपण डॉक्टरांकडे धावतोच. दुखत नसेल, तर अधिक घाई करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)