सिकलसेल: उपचाराकडून काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये

“सर, याचं जडमुळापासून औषध कुठं भेटते?” कोरपना तालुक्यात शिकवताना सिकलसेलच्या मुलांचे पालक आम्हाला हा प्रश्न हमखास विचारतात. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या अब्बांनीही विचारला होता. कुणीतरी त्यांना दूरच्या गावातल्या एका इलाज करणाऱ्याचा पत्ता दिला होता. तीन महिन्यांत बीमारी साफ, फक्त दवाखान्याच्या गोळ्या बंद करा, अशी त्याची अट. “करून बघा,” असे तेव्हा आम्हीही म्हणालो. बैलजोडी विकून पैसे भरले गेले, गोळ्या बंद झाल्या. दुसऱ्याच महिन्यात, ऐन थंडीत, पोराला असा झटका आला की चंद्रपूरला भरती करावे लागले. अल्हमदुलिल्लाह, मूल वाचले. पण त्याचे शाळेचे वर्ष गेले आणि आमचे ते दोन शब्द आम्हाला अजून टोचतात. म्हणून ही माहिती.

हा आजार नेमका काय?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते, सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी राहते. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे, छाती, पोट असह्य दुखते. यालाच झटका किंवा क्रायसिस म्हणतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत जास्त आढळतो, पण इतर समाजांतही आहे. “आपल्यात नसतो” असे समजून तपासणी टाळू नये.

रुग्ण आणि वाहक यांतला फरक ओळखावा. आई किंवा वडील, एकाकडूनच दोष आला तर तो वाहक. तो सहसा आजारी नसतो, त्याला उपचार लागत नाही. दोघांकडून दोष आला तर तो रुग्ण. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी फक्त दोष आहे की नाही ते सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतरच ठरते.

उपचाराने काय होते?

हायड्रॉक्सीयुरिया हे यातले मुख्य औषध. अमेरिकेत प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध न घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार झटके येत होते. घेणाऱ्यांना अडीच. म्हणजे झटके जवळपास निम्म्यावर आले, पण बंद झाले नाहीत. हेच समजून घ्यायचे आहे. गोळी सुरू असताना झटका आला म्हणजे गोळी फुकट गेली, असे नाही.

या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. मधूनमधून रक्त तपासून डॉक्टर डोस ठरवतात. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःहून डोस वाढवू नये, थांबवूही नये.

याशिवाय रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, वेळेवर लसी, भरपूर पाणी, मलेरियापासून बचाव, थंडीत ऊबदार कपडे आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात सावली. ही साधी पथ्ये आहेत, पण झटका टाळायला फार कामाची.

हिमोग्लोबिनचा आग्रह

“पोराचं रक्त १२ वर कधी जाईल?” हाही नेहमीचा प्रश्न. अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन ७ ते ९ च्या आसपासच राहते आणि त्यांच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. फक्त आकडा वाढावा म्हणून रक्त चढवण्याचा आग्रह धरू नये. वारंवार रक्त चढवले तर शरीरात लोह साठते आणि यकृत, हृदयाला त्रास होतो. लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्याव्यात.

आकड्यापेक्षा दुसरा हिशेब ठेवा. यंदा झटके किती आले, किती वेळा भरती करावे लागले, शाळेचे किती दिवस बुडाले. वहीत लिहा आणि मागच्या वर्षाशी ताडून बघा. उपचार लागू पडतो की नाही, ते त्यातून कळेल.

पूर्ण बरा होतच नाही का?

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने होऊ शकतो. पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाचा मेळ पूर्ण बसण्याची शक्यता चारात एक. खर्च लाखांत आणि जिवाला धोकाही असतो. जनुकीय उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, पण तिथे एका औषधाची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. पुढे मार्ग सोपा होईल, ही उम्मीद जरूर ठेवावी. पण तिच्या भरवशावर आजची गोळी सोडू नये.

आनुवंशिक आजार बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे औषधविषयक नियमांच्या ‘शेड्यूल जे’ मध्ये आहे. “शंभर टक्के गॅरंटी”, “आधी पूर्ण पैसे”, “दवाखान्याची गोळी बंद करा” यांपैकी एक जरी वाक्य ऐकले तरी उठून परत या.

थांबू नका, लगेच दवाखाना गाठा

१०१ च्या वर ताप, छातीत दुखून दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, पोट अचानक फुगून मूल पांढरे पडणे. यात घरगुती उपाय करत वेळ घालवू नये.

निकाह, रोजा, शाळा

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. नात्यात सोयरीक होत असेल तर तपासणी आणखी गरजेची. रिश्ता पक्का होण्याआधीच दोघांची तपासणी करावी.

दिवसभर पाणी न पिणे रुग्णाला घातक ठरू शकते. आजारी माणसाला रोजाची सवलत कुरआनमध्येच, सूरह बकरामध्ये आहे. आधी डॉक्टरांना आणि मग आलिमांना विचारून ठरवावे, मुलाला लाजवू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात, आणि परीक्षेच्या सवलतींसाठी मुख्याध्यापकांकडे वेळेत चौकशी करा. वर्गशिक्षकांनाही सांगून ठेवा, म्हणजे मूल पाणी प्यायला उठले तर कोणी रागावणार नाही.

दुआ आणि दवा यांत भांडण नाही. शिफा अल्लाहच्या हाती आहे, पण रोजची गोळी वेळेवर देणे आपल्या हाती आहे. तो मुलगा आज गोळ्या नियमित घेतो. झटके अजूनही येतात, पण कमी. यंदा तो दहावीला बसतोय.