किल्ट : १७४६ चा गुन्हा, १८२२ चा राजवेश (थ्रेड)

१/१० १७४६ साली ब्रिटिश संसदेने एका पोशाखावर बंदी घातली. तो परिधान केल्यास पहिल्या खेपेस सहा महिने कारावास, दुसऱ्या खेपेस सात वर्षे सागरापार हद्दपारी. १८२२ साली ब्रिटनचा राजा तोच पोशाख घालून एडिनबरात मिरवला. मधल्या ७६ वर्षांत काय घडले?

२/१० हा पोशाख स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ प्रदेशातील गेलिक भाषकांचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील पुरुष लोकरीचे लांबलचक वस्त्र चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. दिवसा तो पोशाख असे, रात्री पांघरूण.

३/१० केवळ कमरेखालचा, आज परिचित असलेला किल्ट मात्र अठराव्या शतकातला. त्याचे श्रेय अनेकदा थॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोह-उद्योजकाला दिले जाते. त्यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

४/१० बंदीचे कारण राजकीय होते. १७४५ मध्ये पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या चार्ल्स एडवर्डने बंड पुकारले. हायलँड्समधील सर्व नव्हेत, पण अनेक कुळे त्याच्या पाठीशी उभी राहिली. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर बंड चिरडले गेले. त्यानंतर कुळांची शस्त्रे, कुळप्रमुखांचे न्यायाधिकार आणि पोशाख या तिन्हींवर कायद्याने घाव घातला.

५/१० अपवाद एकच : राजाचे सैन्य. बंडखोराच्या अंगावर जो वेश गुन्हा होता, तोच शिपायाच्या अंगावर गणवेश ठरला. पुढे हायलँडर पलटणी साम्राज्यासाठी जगभर लढल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूने ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या.

६/१० १७८२ मध्ये बंदी उठली. तोवर ३६ वर्षे लोटली होती आणि सामान्यांच्या नित्य वापरातून हा वेश बराच मागे पडला होता. त्याच्या पुनरुज्जीवनात पुढाकार घेतला तो प्रामुख्याने उमरावांनी आणि हौशी मंडळांनी.

७/१० ऑगस्ट १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबरास आला. स्वागताचा सोहळा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी आखला. राजाने किल्टखाली गुलाबी तंग विजार घातली होती. एकेकाळी हायलँड्सच्या लोकांना रानटी मानणाऱ्या सखल प्रदेशातील स्कॉटांनीही त्या दिवसांत टार्टन, म्हणजे चौकडीचे लोकरी कापड, अंगावर चढवले.

८/१० ‘प्रत्येक कुळाचे ठरलेले टार्टन’ ही कल्पनाही मुख्यतः याच काळात रुजली. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीने नमुन्यांना नावे देऊन विक्री वाढवली. १८४२ मध्ये स्वतःला स्टुअर्ट वंशज म्हणवणाऱ्या दोघा भावांनी ‘प्राचीन हस्तलिखिता’च्या आधारे कुळांच्या टार्टनांचा ग्रंथ काढला. ते हस्तलिखित बनावट ठरले. त्यातील अनेक नमुने मात्र आजही विकले जातात.

९/१० एडिनबरात हा वेश मिरवत असताना हायलँड्स ओस पडत होते. सदरलँडमध्ये जमीनदारांनी मेंढपाळीसाठी हजारो कुळवाडी कुटुंबांतील माणसांना पिढीजात जमिनींवरून हुसकावले. अनेकांनी समुद्रकिनारा गाठला, काहींनी कॅनडा.

१०/१० मग किल्ट ही निव्वळ बनावट परंपरा मानावी काय? तसे म्हणणे अपुरे ठरेल. विवाहात वा अंत्यविधीत तो घालणाऱ्या स्कॉटांसाठी, परदेशी गेलेल्यांच्या वंशजांसाठीही, त्याचा अर्थ खराच आहे. पण हायलँड्सच्या समाजाची ताकद मोडल्यावरच त्याचा वेश राष्ट्राचे भूषण ठरला. किल्ट पाहताना १८२२ च्या मिरवणुकीसोबत १७४६ चा कायदा आणि सदरलँडमधील ओस घरेही स्मरणात असावीत.